अँजेला डाउनी : कारकीर्द पदकांनी मोजावी की कालावधीने?

पाऊलवाट (धागालेखक)

१९७२ सालच्या अखिल आयर्लंड कॅमोगी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात किलकेनी काउंटीकडून (काउंटी म्हणजे आयर्लंडमधील जिल्ह्यासारखा विभाग) पंधरा वर्षांची एक मुलगी खेळली. तो सामना कॉर्कने जिंकला. १९९४ साली किलकेनीने वेक्सफर्डला हरवून हेच अजिंक्यपद मिळवले, तेव्हा तीच मुलगी सदतीस वर्षांची झाली होती आणि अजूनही संघाच्या आघाडीच्या फळीत खेळत होती. अँजेला डाउनी हे त्या खेळाडूचे नाव. १९९४ चे धरून त्यांच्याकडे बारा अखिल आयर्लंड पदके जमा झाली, आणि त्यांच्याविषयी जेथे म्हणून लिहिले जाते तेथे हा बाराचा आकडा सर्वांत आधी येतो. माझे म्हणणे असे आहे की आकडा खरा असला तरी तेवढ्याने या कारकिर्दीचे मोठेपण कळत नाही. ते कळायचे असेल तर ज्या वर्षी पदक मिळाले नाही त्या वर्षांकडेही पाहावे लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे आधी सांगतो. कॅमोगी म्हणजे स्त्रियांचे हर्लिंग, आणि हर्लिंग म्हणजे काठी-चेंडूचा आयरिश मैदानी खेळ. अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाला रुंद आणि चपटी होत गेलेली काठी, कातडी आवरणाचा लहान घट्ट चेंडू आणि दोन्ही टोकांना उंच खांब असलेले, मध्ये आडवी दांडी लावलेले गोल. चेंडू जमिनीवरून मारता येतो, हवेतच टोलवता येतो, हातात झेलता येतो आणि काठीच्या पात्यावर तोलून धरत धावताही येते. आडव्या दांडीखालून चेंडू गेला तर गोल होतो आणि त्याचे तीन गुण मिळतात. दांडीवरून खांबांमधून गेला तर एक गुण मिळतो. धावफलकावर गोल आणि गुण वेगळे लिहिण्याची पद्धत आहे. १९७६ च्या अंतिम सामन्यात किलकेनीने डब्लिनला ०-६ विरुद्ध १-२ असे हरवले, याचा अर्थ सहा गुण विरुद्ध पाच. किलकेनीने त्या सामन्यात एकही गोल केला नाही आणि तरीही चषक नेला. १९०४ साली हा खेळ सार्वजनिक मैदानावर आला आणि १९३२ पासून वरिष्ठ गटाचे अखिल आयर्लंड अजिंक्यपद ओ'डफी चषकासाठी खेळले जाऊ लागले.

अँजेला आणि त्यांची जुळी बहीण अ‍ॅन यांचा जन्म १९५७ साली किलकेनीतील बॅलीरॅगेट येथे झाला. त्यांचे वडील शेम डाउनी हे किलकेनीचे नामवंत हर्लिंगपटू. १९४७ च्या ज्या अंतिम सामन्यात किलकेनीने कॉर्कला एका गुणाने हरवले, त्या विजयी संघात ते होते, आणि तो सामना आजही त्या खेळातील सर्वोत्तम सामन्यांमध्ये गणला जातो. त्यामुळे घरात खेळ होताच. मात्र किलकेनीचा लौकिक तोवर पुरुषांच्या हर्लिंगचा होता. कॅमोगीत या काउंटीने १९७४ पर्यंत वरिष्ठ गटाचे एकही अजिंक्यपद मिळवलेले नव्हते. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. अँजेला डाउनी एखाद्या प्रस्थापित विजेत्या संघात दाखल झाल्या नाहीत. १९७४ साली कॉर्कविरुद्धचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, पुन्हा खेळवला गेला आणि किलकेनीने तो जिंकला. ते काउंटीचे पहिले अजिंक्यपद आणि अँजेला यांचे पहिले पदक. त्या वेळी त्या सतरा वर्षांच्या होत्या.

पुढे १९७६ आणि १९७७ ही दोन वर्षे किलकेनीची ठरली, पैकी १९७७ साली कर्णधारपद अँजेला यांच्याकडे होते. त्यानंतर तीन वर्षे काहीच हाती लागले नाही. १९८१ साली कॉर्कविरुद्ध पुन्हा एकदा बरोबरी, पुन्हा एकदा फेरसामना आणि चौथे पदक. त्यानंतर आणखी तीन वर्षे रिकामी गेली. म्हणजे १९८४ च्या अखेरीस परिस्थिती अशी होती की पदार्पणाला बारा वर्षे झाली होती, वय सत्तावीस होते आणि पदके चार होती. ही कारकीर्द तेथे संपली असती तरी ती उत्तम म्हटली गेली असती, पण तिची आठवण किलकेनीबाहेर फारशी कोणी ठेवली असती असे मला वाटत नाही.

आणि मग १९८५ ते १९९१ या काळात किलकेनीने सलग सात अजिंक्यपदे मिळवली. डब्लिन, कॉर्क, वेक्सफर्ड हे तिन्ही प्रतिस्पर्धी या सात वर्षांत अंतिम सामन्यात हरले, कॉर्क तर चार वेळा. १९८८ आणि १९९१ साली अँजेला कर्णधार होत्या, १९८९ साली अ‍ॅन. १९९२ आणि १९९३ साली चषक कॉर्ककडे गेला, तेव्हा या पिढीचा काळ संपला असे समजणे स्वाभाविक होते. १९९४ साली अ‍ॅनच्या कर्णधारपदाखाली दोघी बहिणींनी बारावे पदक मिळवले. त्याच वर्षी लिसडाउनी या त्यांच्या क्लबने अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपदही जिंकले. त्याआधी किलकेनी शहरातील सेंट पॉल्स क्लबकडून त्यांनी क्लब पातळीवरील अनेक विजय मिळवले होते.

आता माझा मुद्दा. १९७२ ते १९९४ या तेवीस स्पर्धांपैकी बारा किलकेनीने जिंकल्या, आठ कॉर्कने आणि वेक्सफर्ड, अँट्रिम व डब्लिन यांनी प्रत्येकी एक. ज्या काळात कॉर्कसारखा संघ सतत समोर होता त्या काळात एक खेळाडू पंधराव्या वर्षी सुरुवात करते, दोनदा तीन-तीन वर्षांचा दुष्काळ पाहते, तिशीच्या आसपास सर्वोत्तम खेळते आणि सदतिसाव्या वर्षी परत जिंकते. हे सर्व नोकरी सांभाळून झाले, कारण हा खेळ पूर्णपणे हौशी आहे आणि अँजेला पेशाने शिक्षिका होत्या. माझ्या मते या टिकून राहण्याला पदकसंख्येच्या वरचे स्थान द्यायला हवे. जाणकारांनी आपले मत मांडावे.

शिवारफेरी

लेख आवडला, परंतु मूळ मांडणीशी मी पूर्णपणे सहमत नाही. टिकून राहणे हाच निकष असेल, तर पहिले नाव डब्लिनच्या कॅथलीन मिल्स यांचे घ्यावे लागेल. त्यांनी १९४२ ते १९६१ या काळात पंधरा अखिल आयर्लंड पदके मिळवली आणि अडतिसाव्या वर्षी, अंतिम सामना जिंकूनच त्या थांबल्या. डब्लिनच्याच ऊना ओ'कॉनर यांच्याकडे तेरा पदके आहेत. म्हणजे संख्येने पाहिले तरी आणि कालावधीने पाहिले तरी अँजेला डाउनी यांच्या आधी निदान एक नाव येतेच. मिल्स यांच्याविषयी आज कमी बोलले जाते याचे कारण त्यांचा काळ जुना आहे, इतकेच.

पाऊलवाट

शिवारफेरी, मिल्स यांचे मोठेपण मला पूर्ण मान्य आहे. तुलना करताना मी फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधीन. १९४८ ते १९६६ या एकोणीस वर्षांत डब्लिनने अठरा अजिंक्यपदे जिंकली. मधले केवळ १९५६ साल अँट्रिमचे. आधी सलग आठ आणि नंतर सलग दहा. इतके निर्विवाद वर्चस्व असलेल्या संघात वर्षानुवर्षे आपली जागा राखणे हे कर्तृत्वच आहे, कारण त्या संघात येऊ पाहणाऱ्या खेळाडूही कमी नसणार. पण मैदानावर समोरून येणारे आव्हान तेव्हा कमी होते. डाउनी यांच्या काळात चषक पाच काउंट्यांमध्ये फिरला. हरण्याची खरी शक्यता असताना, आणि प्रत्यक्षात अकरा वेळा चषक दुसरीकडे गेलेला असताना, बारा वेळा जिंकणे मला अधिक अवघड वाटते.

लिफीकाठ

मी अनेक वर्षे डब्लिनमध्ये राहतो आणि माझी मुलगी आमच्या वस्तीतील क्लबमध्ये कॅमोगी खेळते, म्हणून थोडी भर घालतो. येथील खेळाडू व्यावसायिक लिलावातून किंवा करारातून संघ बदलत नाहीत. आपण जेथे राहतो तेथील क्लब, आणि त्या क्लबमधून निवड झाली तर आपली काउंटी, अशी ही उतरंड आहे. लहान मुलींना शिकवणारे प्रशिक्षक म्हणजे त्याच वस्तीतले पालक आणि माजी खेळाडू. त्यांनाही मानधन नसते. शनिवारी सकाळी पावसात उभे राहून सहा वर्षांच्या मुलींना काठी कशी धरायची हे शिकवणाऱ्या बाईंनी स्वतः काउंटीकडून मोठे सामने खेळलेले असतात, हे आम्हाला कित्येक महिन्यांनी कळते.

या रचनेमुळे धागालेखकांच्या मुद्द्याला एक वेगळी बाजू मिळते असे मला वाटते. किलकेनी ही लोकसंख्येने लहान काउंटी आहे. तेथील खेळाडू कमकुवत वर्षांत दुसऱ्या बलाढ्य काउंटीकडे निघून जाऊ शकत नाही. तिला आहे त्या संघातच राहावे लागते आणि तो संघ उभा राहण्याची वाट पाहावी लागते. १९७८ ते १९८० आणि १९८२ ते १९८४ ही सहा वर्षे त्या दृष्टीने वाचली पाहिजेत. शिवाय त्या काळात स्त्री खेळाडूंना काउंटीकडून प्रवासखर्च, वैद्यकीय मदत, चांगली मैदाने यांपैकी काहीही गृहीत धरता येत नसे. आंतरकाउंटी स्त्री खेळाडूंना पुरुषांच्या बरोबरीने सरकारी अनुदान देण्याचा निर्णय आयर्लंडमध्ये २०२१ साली झाला, यावरून काय ते समजावे.

मोगरा_७१

माझा प्रश्न खेळाच्या स्वरूपाविषयी आहे. मी अलीकडचे सामने संगणकावर पाहिले आहेत आणि त्यांत प्रत्येक बाजूला पंधरा खेळाडू असतात. डाउनी यांच्या काळातही तसेच होते का? तसे नसेल, तर आजच्या खेळाडूंशी त्यांची तुलना करणे कितपत योग्य आहे?

पाऊलवाट

मोगरा, आपला प्रश्न अगदी नेमका आहे. तेव्हा बारा-बारा खेळाडू असत आणि मैदानही लहान असे. पंधरा खेळाडू आणि हर्लिंगचे पूर्ण आकाराचे मैदान हा बदल १९९९ साली झाला, त्यामुळे अँजेला डाउनी यांची सर्व बारा पदके जुन्या स्वरूपातील आहेत. लहान मैदानात मोकळी जागा कमी मिळते आणि आघाडीच्या खेळाडूभोवती बचाव करणाऱ्या लगेच गोळा होतात. वेग असूनही तो वापरायला अंतर मिळत नाही. चेंडू हातात किंवा काठीवर आल्याबरोबर पुढच्या क्षणी काय करायचे हे आधीच ठरलेले असावे लागते. डाउनी वेग, चेंडूवरील ताबा आणि गोलसमोरचे धैर्य या तीन गोष्टींसाठी ओळखल्या जात. आजच्या मोठ्या मैदानावर त्यांना अधिक मोकळीक मिळाली असती, असे मी समजतो. तरीही दोन्ही स्वरूपांतील आकडे एका रांगेत मांडणे योग्य नाही, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

कॅमोगीच्या शताब्दीनिमित्त २००४ साली शतकातील सर्वोत्तम संघ जाहीर झाला, त्यात अँजेला डाउनी आघाडीच्या फळीत होत्या. मिल्स आणि ओ'कॉनर याही त्याच संघात आहेत. तेथे निवड समितीने काळांमधील भेद बाजूला ठेवला, आणि ते योग्यच होते.

सांजवात

आतापर्यंतच्या चर्चेत कॉर्कच्या रीना बकली यांचे नाव आले नाही याचे आश्चर्य वाटते. त्यांच्याकडे एकूण अठरा वरिष्ठ अखिल आयर्लंड पदके आहेत: अकरा गेलिक फुटबॉलची (चेंडू हातानेही खेळता येणारे आयरिश फुटबॉल) आणि सात कॅमोगीची. त्यांच्या सहकारी ब्रीज कॉर्करी यांचीही पदके तितकीच आहेत. बकली यांनी २०१२ साली कॉर्कच्या फुटबॉल संघाचे नेतृत्व करून अजिंक्यपद मिळवले आणि २०१७ साली कॅमोगी संघाचे. दोन्ही खेळांत वरिष्ठ अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघांच्या कर्णधार झालेल्या त्या पहिल्याच. २०१७ चा तो अंतिम सामना किलकेनीविरुद्धच होता आणि कॉर्कने तो ०-१० विरुद्ध ०-९ असा जिंकला. अगदी शेवटच्या क्षणी बदली खेळाडू जूलिया व्हाइट यांनी विजयी गुण मिळवला.

माझा आग्रह असा की एकाच मोसमात दोन खेळ सर्वोच्च पातळीवर खेळणे हे टिकून राहण्यापेक्षाही कठीण आहे. स्त्रियांचे फुटबॉल आणि कॅमोगी यांच्या संघटना वेगवेगळ्या आहेत, त्यांची वेळापत्रके स्वतंत्रपणे ठरत आली आहेत आणि दोन्ही खेळ खेळणाऱ्या मुलींना त्याची झळ बसत आली आहे. एका संघाचा सराव संपवून दुसऱ्या संघाच्या सरावाला जाणे आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर होणे, हे बकली यांनी दशकाहून अधिक काळ केले.

लिफीकाठ

सांजवात यांनी वेळापत्रकाविषयी लिहिले ते तंतोतंत खरे आहे. आमच्या क्लबमध्येही पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींवर दोहोंपैकी एक खेळ निवडण्याची वेळ येते, आणि त्या वयात एखादा खेळ सोडलेली मुलगी सहसा परत येत नाही. पुरुषांची संघटना आणि स्त्रियांच्या दोन्ही संघटना एकत्र आणण्याचे काम सुरू आहे आणि त्यासाठी २०२७ हे वर्ष ठरवण्यात आले आहे. ते झाल्यास निदान तारखा तरी एका ठिकाणी बसून ठरतील, अशी पालकांची अपेक्षा आहे.

बकली आणि डाउनी यांच्यात मी कोणाला वरचढ ठरवणार नाही. दोघींची परीक्षा वेगवेगळी होती.

रानजाई

अँजेला डाउनी यांच्याविषयीचा धागा आहे आणि १९८९ च्या अंतिम सामन्याचा तपशील कोणी दिला नाही, म्हणून लिहीत आहे. कॉर्कविरुद्धच्या त्या सामन्यात गोलकडे झेपावताना झटापटीत त्यांचा स्कर्ट निघून आला. त्या थांबल्या नाहीत. आधी गोल केला आणि मग पोशाखाकडे पाहिले. हा प्रसंग आयर्लंडमध्ये वर्षानुवर्षे सांगितला जातो आणि बहुतेक वेळा गमतीने सांगितला जातो. मला तो गमतीचा वाटत नाही. देशातील सर्वांत मोठ्या सामन्यात, डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर, हजारो लोकांसमोर एका खेळाडूवर अशी वेळ येते, कारण खेळाला न शोभणारा पोशाख नियमाने सक्तीचा केलेला आहे. त्या क्षणी तिचे सारे लक्ष चेंडूवर राहिले, ही तिची थोरवी. पण तसे लक्ष ठेवावे लागले ही त्या नियमाची नामुष्की आहे.

या प्रसंगानंतर छत्तीस वर्षे तो नियम कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून राहिला. स्कर्टच्या जागी आतून चड्डी शिवलेला स्कॉर्ट आला, परंतु साधी शॉर्ट्स घालण्याची मुभा नव्हती. २०२४ साली बदलाचे प्रस्ताव फेटाळले गेले. मे २०२५ मध्ये डब्लिन आणि किलकेनीचे संघ लेन्स्टर प्रांताच्या उपांत्य सामन्यासाठी शॉर्ट्स घालून मैदानात उतरले, तेव्हा पोशाख बदलला नाही तर सामना होणार नाही असे पंचांनी त्यांना सांगितले, आणि मुलींना बदलून यावे लागले. त्याच महिन्यात मन्स्टर प्रांताचा अंतिम सामना या वादामुळे पुढे ढकलावा लागला. अखेर २२ मे रोजी कॅमोगी संघटनेच्या विशेष अधिवेशनात ९८ टक्के मतांनी शॉर्ट्सची मुभा देण्यात आली. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या दोन संघांपैकी एक किलकेनीचा होता, याचे मला फार समाधान वाटते.

शिवारफेरी

रानजाई, हा प्रतिसाद वाचून माझे मत थोडे बदलले आहे. मिल्स यांना मी अजूनही पहिले स्थान देईन. पण डाउनी यांची कारकीर्द अशा काळात झाली की खेळ बदलू पाहत होता आणि त्याचे नियम बदलायला तयार नव्हते, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. धागालेखकांना एक विचारतो: आपण अ‍ॅन डाउनी यांच्याविषयी फार थोडे लिहिले आहे. पदके दोघींची सारखीच आहेत. मग धागा एकीच्याच नावाने का?

पाऊलवाट

शिवारफेरी, आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर देतो. दोघींची पदके सारखी, बारा-बारा. अँजेला आघाडीला, गोलच्या तोंडाशी खेळत, म्हणून गोल आणि त्यांबरोबर येणारी प्रसिद्धी त्यांच्या वाट्याला अधिक आली. अ‍ॅन मधल्या फळीत खेळत, जेथे चेंडू मिळवायचा आणि पुढे द्यायचा असतो, आणि असे काम करणाऱ्यांची नावे वृत्तांतात कमी येतात. शतकातील सर्वोत्तम संघातही एकीचेच नाव आहे. मी लेख अँजेला यांच्यावर लिहिला कारण पंधराव्या वर्षापासूनचा अंतिम सामन्यांचा तो प्रवास मला मांडायचा होता. मात्र अ‍ॅन यांच्यावर स्वतंत्र धागा व्हायला हवा, आणि त्याचे मुख्य कारण खेळणे थांबवल्यानंतरचे आहे.

१९९४ नंतर किलकेनीला वरिष्ठ अजिंक्यपद मिळायला बावीस वर्षे लागली. १९९५, १९९९, २००१, २००९, २०१३ आणि २०१४ साली संघ अंतिम फेरीत पोहोचून हरला. २०१६ साली अ‍ॅन डाउनी व्यवस्थापक असताना किलकेनीने कॉर्कला १-१३ विरुद्ध १-९ असे हरवले आणि तो खंड संपला. पुढची दोन वर्षे कॉर्ककडूनच अंतिम सामन्यात एकेका गुणाने हार पत्करावी लागली, २०१९ साली गॉलवेकडून. त्यानंतर अ‍ॅन त्या पदावरून बाजूला झाल्या. २०२० आणि २०२२ साली किलकेनीने पुन्हा चषक जिंकला. काउंटीच्या आजवरच्या पंधरा अजिंक्यपदांपैकी बारांमध्ये दोघी बहिणी मैदानावर होत्या आणि तेराव्याच्या वेळी एक बहीण संघाची व्यवस्थापक होती. अ‍ॅन यांच्यावर कोणी लिहिणार असेल तर १९८९ आणि १९९४ ही त्यांच्या कर्णधारपदाची दोन वर्षे आणि २०१६ ते २०१९ हे सलग चार अंतिम सामने एकत्र घेऊन लिहावे, अशी सूचना करतो.

सांजवात

अ‍ॅन डाउनी यांच्यावरील धागा मी सुरू करीन. २०१७ चा अंतिम सामना मी बकली यांच्या बाजूने पाहिला होता. आता तो किलकेनीच्या बाजूने पुन्हा पाहीन आणि मग लिहीन.